देवाचा बॉक्स

माईकने शिट्टी मारली आणि सभामंडपातली कबुतरं भुर्रकन उडाली. पताका बांधणारा माणूस दोन्ही कानांवर हात ठेवून शिडीवरून खाली उतरला. मी मिक्सरवरचं बटण खाली ओढलं, तोवर फोन वाजायला लागला. अप्पा.

"तो देवाचो बॉक्स हलवलंस नाय मां?"

"नाय अप्पा."

"हलवू नको."

"पण कित्याक, ता तरी सांगा. शिट्टी तेच्यामुळेच येता."

"हलवू नको म्हटलंय मां! बाकी तुका काय होया ता कर." आणि फोन बंद.

अप्पा म्हणजे माझे वडील. नेरवड्याच्या लिंगेश्वराच्या देवळात भजनाचा माईक माझ्या जन्माच्या आधीपासून तेच लावत आले होते. गुडघ्यांनी दगा दिला तसे ते घरी बसले आणि 'सातेरी साऊंड'ची गाडी, बॉक्स म्हणजे स्पीकर, वायरींची भेंडोळी आणि लोकांची बोलणी असं सगळं माझ्या वाट्याला आलं. मी मुंबईला एका स्टुडिओत काम शिकून परत आले होते. स्टुडिओत भिंती मऊ असतात आणि माणसं कमी असतात. इथे भिंती चिऱ्याच्या, फरशी गुळगुळीत, छप्पर कौलारू आणि समोर अख्खा गाव.

त्यातून त्या संध्याकाळी डबलबारी होती. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. एकाने आपली बारी गायची, गाता गाता दुसऱ्याला चिमटे काढायचे. मग दुसऱ्याने गाण्यातूनच त्याची परतफेड करायची. आमच्याकडे लोक जेवण सोडतील पण बारी सोडणार नाहीत. महिन्यापूर्वी शेजारच्या एका गावात ऐन गजरात माझ्या माईकने शिट्टी मारली होती. समोरच्या बुवांनी ती बरोबर झेलली. 'बुवांची गाडी शिट्टी मारून सुटली, उतारू फलाटावरच राहिले' अशी ओळ त्यांनी जागच्या जागी रचून पखवाजावर घेतली आणि लोक हसून हसून लोळले. ज्यांची बारी होती ते बुवा पेटी मिटून उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून मी बाजारात दिसले की कोणी तरी हळूच शीळ घालायचं. ठरलेली दोन कामं हातची गेली. नेरवडं हे अप्पांचं घरचं काम. इथेही शिट्टी आली असती तर आम्हाला शटर खाली ओढावं लागलं असतं. हे मला ठाऊक होतं, अप्पांना ठाऊक होतं आणि नाक्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक होतं.

आणि मी तर शिट्टी यायच्या आधीच घाबरणारी. काम हातात घेतलं की माझ्या पोटात जो गोळा येतो तो वायरी गुंडाळून गाडीत टाकेपर्यंत जात नाही. आजही नाही जात.

त्या वर्षी देवस्थान कमिटीने मंडपात कायमचे बॉक्स बसवायचं ठरवलं होतं आणि ते निवडायला मला सांगितलं होतं. अप्पांचे जुने बॉक्स होते कपाटाएवढे. त्या एवढ्याशा मंडपात पुढच्या रांगेतल्या माणसांच्या छातीत धडधडायचं आणि मागच्या रांगेत शब्द कळायचे नाहीत. मी उंच, सडपातळ बॉक्स आणले. ते आवाज समोर सोडतात, कौलांकडे आणि फरशीकडे उधळत नाहीत. दोन बॉक्स पुढच्या खांबांना बांधले, बुवांच्या माईकच्या पुढे, माणसांच्या डोक्यांच्या वर, तोंडं जराशी आत वळवून. एक छोटा बुवांच्या पायाशी ठेवला, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. नियम साधा आहे. बॉक्सने माईककडे बघायचं नाही आणि माईकने बॉक्सकडे. तेवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम गाभाऱ्याच्या दारात अडलं होतं. तिथे अप्पांचा एक जुना काळा बॉक्स ठाण मांडून बसलेला, लोकांकडे पाठ आणि देवाकडे तोंड करून. त्याला सगळे 'देवाचा बॉक्स' म्हणत. भजन देवाचं, तर पहिलं देवाला ऐकू यायला हवं, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या कुठल्या देवळात मी हे पाहिलं नव्हतं. गाभारा काळोखा, घागरीसारखा. आत गेलेला आवाज तिथे गरगरून दारातून बाहेर यायचा आणि थेट बुवांच्या माईकमध्ये शिरायचा. मग माईक पुन्हा तोच आवाज बॉक्सला द्यायचा, बॉक्स गाभाऱ्याला, आणि शिट्टी तयार.

"दाजी, हा बॉक्स काढावा लागेल," मी म्हणाले.

दाजी राऊळ कमिटीचे अध्यक्ष. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला अष्टगंध. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लिंगेश्वरालाच बाहेर काढायला निघाले होते.

"देवाक ऐकवक नको?"

"देवाला सगळंच ऐकू येतं, दाजी."

"मगे आमी भजन घराकडे बसान करूया! देऊळ कित्याक होया?" बाजूला रांगोळी घालणारे दोघे हसले. दाजींना हुरूप आला. "तुझ्या बापाशीन इतकी वर्सां लावल्यान. तेका कधी शिट्टी इली नाय ती?"

"तेव्हा माईक वेगळे होते. बुवा खड्या आवाजात गात. माईक थोडासाच उघडावा लागायचा."

"ता माका सांगू नको. बॉक्स हलाचो नाय. आणि शिट्टीय येवची नाय."

म्हणजे मी दोन्हीकडून कात्रीत. मी बॉक्स जरा तिरका केला, त्याचा आवाज कमी केला, खाली गोणपाट घातलं. सोनूकाका, अप्पांच्या वेळचे आमचे वायरमन, बुवांच्या जागी बसून माईकमध्ये 'राम राम' म्हणत होते. मी बटण वर सरकवत नेई आणि ठरावीक जागी आलं की शिट्टी. सोनूकाका खाली मान घालून बसले होते. मी विचारलं, "काका, तुमका म्हायत आसा काय, अप्पा हेच्यासाठी इतके हट्टाक कित्याक पेटतत?"

"देवाचो आसा तो," काका म्हणाले आणि वायरीची घडी घालायला लागले.

उन्हं कलायला लागली तेव्हा पहिल्या बारीचे बुवा आले. विश्राम घोगळे बुवा. एके काळी त्यांचा आवाज नदीपलीकडच्या वाडीत ऐकू जायचा म्हणतात. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर आवाज राहिला तो तीनचार हातांवरचा. सूर तसाच, चाल तशीच, फक्त जोर गेला. समोरचे बुवा तरुण आणि दणदणीत गळ्याचे. घोगळे बुवांची आता पुरी भिस्त माईकवर होती, म्हणजे माझ्यावर.

त्यांनी पेटीवर सूर धरला, एक ओळ गायली. मी माईक उघडत गेले. लोकांपर्यंत पोचेल एवढा झाला आणि गाभाऱ्यातून शिट्टी निघाली. बुवांनी पेटीचा भाता मिटला. मला हाताने जवळ बोलावलं.

"बाय, तुझो राग नाय माका," ते हळूच म्हणाले. "पण समोर कोण आसा, बगतंस मां? ही एक शिट्टी तेका पुरी. माझो आवाज गेलो, आता पतय घालवू? शिट्टी इली तर मी उठान जातलंय, आणि परत डबलबारीक बसाचंय नाय. खंयच."

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे पाहून मला माझी भीती विसरून त्यांचीच भीती वाटायला लागली. मी उठले, गाभाऱ्याच्या दारात गेले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून देवाच्या बॉक्सच्या पाठची वायर काढून घेतली. बॉक्स जागच्या जागी. दाजींना दिसायला बॉक्स आहे, बुवांना ऐकायला शिट्टी नाही.

"परत एकदा, बुवा."

बुवा गायले. मी माईक उघडत गेले, उघडत गेले. स्वच्छ आवाज. शब्दन् शब्द शेवटच्या खांबापर्यंत. बुवांचे खांदे सैल झालेले मला मिक्सरपासून दिसले. त्यांनी मान हलवली आणि हसले. मी कपाळाचा घाम पुसला.

बारी सुरू व्हायच्या आधी मी देवळाभोवती एक फेरी मारते. कुठल्या दारातून आवाज किती बाहेर पडतो, कुठे घुमतो, ते चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. सोनूकाकांना माईकमध्ये बोलत राहायला सांगितलं आणि निघाले. उजवीकडच्या दारात ठीक होतं. दीपमाळेपाशी ठीक होतं. मग मी देवळाच्या पाठी वळले. इथे अप्पांबरोबर लहानपणी आले असेन तेवढीच. बारीला आलेलं कोणी तिकडे फिरकायचं नाही, तिथे होतं तरी काय? गाभाऱ्याची पाठची भिंत, धुपाचा धूर बाहेर जावा म्हणून भिंतीत सोडलेली चिऱ्याची जाळी आणि एक फणस.

फणसाखाली चटया घातल्या होत्या. चटयांवर सातआठ जणी बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात थर्मास. एक कॉलेजातली मुलगी भिंतीला पाठ टेकून अगदी जाळीखाली बसली होती.

"आवाज बंद झालो काय गो?" एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं. "आता थोड्या आदी मस्त येय होतो. जाळीतसून."

मी त्या जाळीकडे पाहिलं. मग चटयांकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुमी हंय कित्याक बसलास?" मी विचारलं, पण विचारतानाच उत्तर कळलं होतं.

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. म्हातारी म्हणाली, "आमी खंय बसतलव? देवळात पाय टाकूक येता काय अशा दिसांनी? ही दोगां भायली बसलीहत, ही बाळंतीण, ह्या बायचा सुतक आसा. दरवर्सा कोणाचा ना कोणाचा काय तरी असताच. मी आपली पोरींका सोबत म्हणान येतंय."

पाळीच्या दिवसांत देवळाची पायरी चढायची नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मुंबईला गेल्यावर मी ते पाळणं सोडून दिलं होतं आणि सोडलं हे कुणाला सांगितलंही नव्हतं. पण जी पाळतात ती बारीच्या दिवशी कुठे जातात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी समजत होते की घरी बसत असतील.

"तू साऊंडवाल्या भिकूचा चेडू मां?" म्हातारीने मला निरखून पाहिलं. "मी कावेरी. तुझी आवस ह्याच गावची, माझ्या पाठच्या घरातली. तुका तिना सांगूक नाय?"

"काय?"

"ह्या बॉक्साचा."

आई तेव्हा हयात नव्हती. मी नुसती मान हलवली. कावेरीकाकींनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"तिचा लगीन व्हायच्या आदीची गोष्ट. तुझो बापूस भोंगे लावूक येय. एकदा आमी दोगी हंय बसलेलंव, काय ऐकाक येयना. हो वायर घेवन पाठसून गेलो आणि इचारता कसो, 'तुमी आत कित्याक बसणत नाय?' आमी हसाक लागलंव. येड्याक काय कळणा नाय! मगे कळला तेवा कानापर्यंत लाल झालो आणि पळालो. दुसऱ्या दिसा बगतंव तर एक भोंगो देवाकडे फिरवलेलो. कोणीतरी इचारल्यान तर म्हणता, देवाक ऐकाक होया! आणि सगळो आवाज ह्या जाळीतसून आमच्या पुढ्यात. मगे तुझी आवस तेच्याकडे बगूक लागली."

सगळ्या खळखळून हसल्या. मलाही हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. अप्पांना ही गोष्ट मुलीसमोर उच्चारता येत नव्हती. सोनूकाकांनाही नाही. ज्याने त्याने देवाचं नाव पुढे केलं आणि मी त्या देवाची वायर काढून आले होते.

भिंतीला टेकलेली मुलगी आता जवळ आली होती. "ताई, घोगळे बुवांची बारी पयली आसा मां? माका तेंचे सगळे गजर पाठ आसत, पण मोबाईलवरसून. समोरसून कधी ऐकूक नाय." ती थांबली. "आणि माझ्या बाबांका सांगू नको हां मी हंय असल्याचा. तेंका वाटता मी घराक आसंय."

"कोण तुझे बाबा?"

"दाजी राऊळ."

तिचं नाव दर्शना. वायर परत जोडली तर शिट्टी, आणि बुवा कायमचे उठणार. नाही जोडली तर ह्या सगळ्या भिंतीकडे बघत बसणार. आत माणसं जमायला लागल्याचा आवाज येत होता.

मग मी गाभाऱ्याच्या भिंतीवर हात ठेवला. हातभर जाड चिरा. आणि माझं मलाच कळेना की एवढी साधी गोष्ट मला सुचली कशी नाही. बॉक्स ह्या बाजूला आणायचा. भिंतीच्या पलीकडे माईक, अलीकडे बॉक्स, तोंड फणसाकडे. शिट्टी यायला वाटच नाही. आवाजाच्या हिशेबाने ती सगळ्यात उत्तम जागा होती. फक्त मग तो देवाचा बॉक्स राहणार नव्हता. तो कुणाचा आहे ते अख्ख्या गावाला दिसणार होतं.

मी अप्पांना फोन लावला.

"अप्पा, मी देवळाच्या पाठीमागे आसंय."

पलीकडे घरातल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बॉक्स हंय आणतंय," मी म्हणाले.

मग त्यांनी घसा खाकरला. "फणसाच्या मुळार ठेवू नको. थंय मुंगळे असतत." जरा थांबून म्हणाले, "वायर गटाराच्या कडेन घी. लोकांच्या पायात येता नये."

"दाजींका काय सांगू?"

"ता आता तुझा तू बग," अप्पा म्हणाले, आणि ह्या वेळी फोन त्यांनी हळू ठेवला.

सोनूकाकांनी एक शब्द न विचारता बॉक्सचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून बॉक्स बाजूच्या दाराने बाहेर काढला, पाठी नेला, दोन चिऱ्यांवर बसवला. वायर जोडून मी आत परत आले तेव्हा मंडप भरला होता आणि नंदादीपाची वात मोठी केली होती. गाभाऱ्याच्या दारात बॉक्सच्या जागी धुळीचा एक चौकोन तेवढा उरला होता. माझी नजर पुन्हा पुन्हा त्याच्यावरच जाई.

घोगळे बुवांनी नमन सुरू केलं. मी माईक पूर्ण उघडला. जीव मुठीत धरून बटणावर बोट ठेवून बसले. बुवांचा तो तीनचार हातांवरचा आवाज खांबांवरून निघून मंडपभर पसरला, जवळचा आणि उबदार, कानाशी बसून गाणाऱ्या माणसाचा असतो तसा. समोरचे तरुण बुवाही मान डोलवायला लागले. दाजी आरतीचं सोवळं बदलून आले ते तेवढ्यात. बसायला म्हणून वाकले आणि गाभाऱ्याच्या दाराकडे बघून तसेच उभे राहिले.

"बॉक्स खंय?" ते माझ्याकडे आले. आवाज दबका, पण आसपासच्या चारपाच रांगांनी ऐकला.

"पाठीमागे लावलाय."

"पाठीमागे? देवाच्या पाठी? थंय कोण आसा ऐकाक?"

मिक्सरजवळ बसलेली पुरुषमंडळी एकदम कौलं मोजायला लागली. खाली बघणाऱ्याने खाली बघितलं, वर बघणाऱ्याने वर. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. अप्पांनी इतकी वर्षं जे सांगितलं तेच सांगून सुटता आलं असतं.

"थंय बायलमाणसां बसतत, दाजी," मी म्हणाले. "ज्यांना आत येता येत नाही त्या. बॉक्स पहिल्यापासून त्यांचाच होता."

दाजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "देवळाची अब्रू काढतंस?" एवढं बोलून ते बाजूच्या दाराने बाहेर पडले, वायरीच्या मागोमाग.

ते वायर ओढून तोडणार हे त्यांच्या चालीवरूनच दिसत होतं. सगळे बॉक्स एकाच ॲम्प्लिफायरवर होते. तुटलेल्या वायरीच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर ॲम्प्लिफायर बंद, आणि घोगळे बुवा भर नमनात मुके. मी सोनूकाकांना मिक्सरवर बसवलं आणि धावले.

दाजी फणसाशी पोचले होते. वायर त्यांच्या मुठीत होती, ताणलेली. ओढणार एवढ्यात थांबले होते. चटयांवरच्या बायका पदर सारखे करत होत्या, आणि त्यांच्यामध्ये दर्शना उभी होती. बॉक्समधून बुवा गात होते.

"तू घराक होतंस मां?" दाजी म्हणाले.

"नाय."

"मागच्या सालाक?"

"मागच्या सालाक पण हंयच होतंय, बाबा. तेच्या मागच्या सालाक पण." तिचा आवाज कापत होता, पण ती जागची हलली नाही. "आई पण हंयच बसा."

मला वाटलं आता ते हात उगारतील. मी दोन पावलं पुढे झाले. दाजी तिच्याकडे बघत होते, मग चटईकडे, थर्मासकडे, भिंतीतल्या जाळीकडे. सबंध गावातली सगळी कामं ज्याला माहीत, तो माणूस आपल्याच देवळाच्या पाठी पहिल्यांदा आलेला होता. मूठ हळूहळू सैल झाली. वायर खाली पडली. मी ती पायाने बाजूला सारली.

"उभी रवान काय ऐकतंस?" ते म्हणाले. "बस."

दर्शना बसली. नमन संपलं. बॉक्समधून निवेदन करणाऱ्या सामंत मास्तरांचा आवाज आला, "आता देवस्थानचे अध्यक्ष माननीय दाजी राऊळ यांना विनंती, त्यांनी दोन्ही बुवांना श्रीफळ देऊन सन्मानित करावं." थोडा वेळ गेला. "अध्यक्ष दाजी राऊळ जिथे असतील तिथून त्यांनी पुढे यावं."

बायकांनी दाजींकडे पाहिलं. कावेरीकाकींनी चटईचा एक कोपरा झटकला. दाजी तिथे उभे राहिले, पाय निघत नसल्यासारखे, आणि मग सावकाश, गुडघ्यावर हात टेकून लेकीच्या शेजारी बसले.

"जा," ते मला म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. "सांग तेंका, मी खंय आसंय ता."

"खरंच सांगू?"

"सांग म्हटलंय मां."

मी परत आत आले. मास्तर माईक हातात घेऊन चहूकडे बघत होते. मी तो त्यांच्याकडून मागून घेतला. "अध्यक्ष देवळाच्या पाठीमागे बसलेत," मी म्हणाले. "तिथल्या बायकांबरोबर भजन ऐकतायत. त्यांनी सुरू करायला सांगितलंय."

माझे शब्द माझ्याच बॉक्समधून मंडपभर झाले. कुणीतरी खोकलं आणि मध्येच थांबलं. आता कोण उठणार, कोण काय बोलणार, ह्या भीतीने मी माईक धरून नुसती उभी होते.

घोगळे बुवांनी माझ्या हातातून माईक घेतला. त्यांनी मंडपाकडे पाहिलं नाही. मान गाभाऱ्याकडे वळवली, देवाच्याही पलीकडे कुणीतरी बसलंय अशी, आणि आपल्या त्या हलक्या आवाजात विचारलं, "पाठीमागे ऐकाक येता मां गो?"

"येता!" उत्तर आलं.

ते गाभाऱ्यातून आलं. सातआठ बायकांचं मिळून, जाळीतून आत, समईच्या उजेडातून, देवाच्या बाजूने बाहेर, आणि त्यात एक पुरुषी आवाजही होता.

बुवांनी डोळे मिटले, पखवाजवाल्याला खूण केली आणि गजर धरला.